गीझाच्या वाळवंटातली एक दुपार

उमराह अदा करून परतताना आम्ही जेद्दाहून कैरोला उतरलो. मुलांचा हट्ट दोन गोष्टींसाठी होता: पिरॅमिड पाहायचे आणि वाळवंटात क्वाड बाइक चालवायची. अम्मींना मात्र ते पटत नव्हते. "अल्लाहच्या घरून निघून फिरऔनच्या दारात मजा करायला जायचं का?" त्यांनी विचारले. आमच्याकडे उत्तर तयार नव्हते.

सकाळी आम्ही गीझाच्या पठारावर पायी फिरलो. गाईड अम्मींना "या हाग्गा" म्हणे. मिसरी बोलीत 'ज'चा 'ग' होतो, म्हणजे ही आपली 'हज्जा'च. अम्मींची शंका त्यानेच निम्मी दूर केली. सर्वात मोठा पिरॅमिड राजा खुफूचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. बहुतेक इतिहासकार हजरत मूसा (अलै.) यांचा काळ त्यानंतर हजारहून अधिक वर्षांनी मानतात. मूळचा हा पिरॅमिड 146 मीटर उंच, आज 138च्या आसपास. दगड अंदाजे 23 लाख.

तिसऱ्या, सर्वात लहान पिरॅमिडच्या उत्तर बाजूला एक उभी खोल खाच आहे. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचे पुत्र अल-अजीज उस्मान यांनी 1196च्या सुमारास तो पाडायला घेतला होता. माणसे आठ महिने राबली, पण एवढी खाचच पडली. शेवटी काम सोडून द्यावे लागले. त्याच्या साडेपाचशे वर्षे आधी हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी मिसर जिंकला, तेव्हा पिरॅमिड जागच्या जागी उभे राहू दिले गेले. मुलांना ही गोष्ट राजांच्या नावांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

दुपारी पठाराबाहेरच्या वाळवंटात क्वाडची सफर होती. चार जाड चाके, दुचाकीसारखे हँडल आणि उजव्या अंगठ्याखाली गतीचा खटका. चालवायला सोपी, म्हणूनच धोक्याची. अकरा वर्षांच्या मुलाला "एकट्याला देतो" असे क्वाडवाला म्हणाला. आम्ही नकार दिला आणि त्याला वडिलांच्या मागे बसवले. हेल्मेटही मागितल्यावरच मिळाले. अम्मी चहाच्या टपरीवर तसबीह घेऊन थांबल्या.

गाईड पुढे, त्याच्या चाकांच्या खुणांवर आम्ही मागे. इथली जमीन सिनेमातल्यासारखी मऊ नाही. वाळूखाली खडे आणि कठीण उंचवटे आहेत. दहा मिनिटे मजेत गेली. मग मुलगी ओरडली. तिच्या ओढणीचे टोक मागच्या चाकाजवळ गुंतून मान ओढली जात होती. सुदैवाने तिने लगेच खटका सोडला. ओढणी फाटली, गळ्यावर लाल वळ उठला. अल्लाहने वाचवले. पण खरे सांगायचे तर चूक आमचीही होती. मुलाची काळजी घेतली, ओढणीकडे लक्षच गेले नाही. कुणी क्वाडवर बसणार असेल तर ओढणी, स्कार्फ, बुरख्याचे सैल टोक आधी कपड्यांत घट्ट खोचून घ्यावे. बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. भाडे, वेळ आणि बख्शीश निघण्यापूर्वीच ठरवावी.

इंजिने बंद केली. तेव्हा कळले, वाळवंट किती शांत असते. समोर तिन्ही पिरॅमिड एका नजरेत मावत होते. असरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वुजू करून आम्ही कसर नमाज अदा केली. महाराष्ट्रात असरला ऊन समोरून येते. इथे किबला आग्नेयेला, त्यामुळे सूर्य उजव्या खांद्याकडे होता. मुलाने सलाम फेरताच तेच विचारले. मक्का तीच, जागा बदलली की दिशा बदलते, हे त्याला तिथे सहज समजले.

परतताना क्वाड अगदी हळू चालवली. गाईडने स्फिंक्सच्या दक्षिणेकडे हात केला. 1990मध्ये तिथे एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या कबरी सापडल्या. काही सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट जुळलेली होती, म्हणजे कुणीतरी त्यांच्यावर उपचार केले होते.

टपरीवर आल्यावर आम्ही अम्मींना सगळे सांगितले. त्यांनी आधी नातीच्या गळ्यावर हात फिरवून दुआ पढली. मग म्हणाल्या, "राजांची नावं सांगितलीत. दगड वाहणाऱ्यांची सांगा बरं."

कुणालाच सांगता आली नाहीत.

जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्यांचे काय झाले ते पाहा, अशी कुरआनची शिकवण आहे. मजा करायला गेलो होतो, ती झालीही. पण हॉटेलवर परतताना मुले क्वाडबद्दल नाही, त्या मजुरांबद्दल विचारत होती. फाटलेली ओढणी अम्मींनी घडी करून सामानात ठेवली आहे. पुढच्या सफरीआधी काढून दाखवणार म्हणतात.