हिवाळ्यातली हाउसबोट

काश्मीरला जाऊन आलेल्या घरातल्या अल्बममध्ये एक फोटो हमखास असतो. काश्मिरी पोशाख, हातात फुलांची परडी, पायाखाली शिकारा आणि मागे रांगेनं उभ्या हाउसबोटी. फोटो बहुधा मे महिन्यातला. मुलांना सुट्टी तेव्हाच असते ना! पण मैत्रिणींनो, आपण परत येऊन आंब्याच्या रसात गुंततो आणि ती बोट तिथेच राहते. जानेवारीत नळातलं पाणी गोठतं, छतावर हातभर बर्फ साचतो, तेव्हाही ती पाण्यातच असते. आणि तिच्याच मागच्या बाजूला, एखाद्या साध्या डोंग्यात किंवा काठावरच्या लहानशा घरात, ती बोट सांभाळणारं कुटुंब असतं.

आपल्या कोकणात होड्यांचं वर्षाचं गणित वेगळं. पावसाळा आला की होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची, झावळ्यांनी शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची. मग हाउसबोटही थंडीत अशीच वर का ओढून घेत नाहीत? एक तर ती होडी नव्हे, अख्खं घरच. ८० ते १२५ फूट लांब. आत बैठकीची खोली, जेवणाची खोली, झोपायच्या खोल्या, अक्रोडाच्या लाकडावरचं कोरीवकाम, गालिचे. दुसरं कारण लाकडाचं. या बोटींचा तळ देवदाराचा असतो. देवदार पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून तर तो निवडलेला. ओल्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट बिलगतात आणि फटी बुजतात. तीच बोट कोरड्यावर ठेवली की फळ्या आक्रसणार, फटी उघडणार. लाकडी पिंप रिकामं पडून राहिलं की गळायला लागतं, तसंच. म्हणजे हिला जपायचं तर पाण्यातच ठेवून जपायला हवं.

हिवाळ्यातली सगळी मेहनत इथून सुरू होते.

काश्मिरी माणूस थंडीचे तीन भाग पाडतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची ‘चिल्लई कलां’, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’, धाकटी. आणि शेवटी दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’, म्हणजे शेंडेफळच! एकूण सत्तर दिवस. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचा पारा उणे आठच्याही खाली उतरला होता. डिसेंबर २०२४ मध्येही तो उणे साडेआठपर्यंत गेला होता.

गंमत अशी की अशा थंडीतही सरोवराचं सगळं पाणी गोठत नाही. पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं होऊन वर राहतं, म्हणून बर्फ वरच धरतो आणि खाली मासे मजेत असतात. पण वरचा तो पापुद्रा बोटीला त्रासदायक. काचेसारख्या धारेचा तो बर्फ पाण्याच्या रेषेशी फळ्यांवर घासतो, म्हणून बोटीभोवतीचा बर्फ फोडत राहावं लागतं. दूध-भाजी आणायला काठावर जायचं, मुलाला शिकवणीला सोडायचं, तर शिकाऱ्यापुढचा बर्फ वल्ह्यानं फोडत वाट करायची. मागे वळून पाहावं तर ती वाट पुन्हा सांधायला लागलेली!

खरी भीती मात्र छताची. नुकताच पडलेला बर्फ कापसासारखा दिसतो, पण हिशेब करून बघा. शंभर फूट लांब आणि पंधरा फूट रुंद छतावर फूटभर बर्फ साचला तर हलका, भुसभुशीत असतानाही त्याचं वजन चार टनांच्या घरात जातं. त्यावर पाऊस पडला किंवा तो अर्धवट वितळला की दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. एवढ्या ओझ्यानं बोट खाली बसते. खाली बसली की एरवी पाण्याच्या वर राहणाऱ्या, उन्हानं सुकलेल्या फळ्या पाण्यात जातात. त्यांच्या फटी अजून फुगलेल्या नसतात. तिथून पाणी आत शिरतं, बोट आणखी जड होते, आणखी बसते. एका बाजूचा बर्फ आधी घसरला तर कलतेसुद्धा. मोठ्या बर्फवृष्टीत बोटी बुडाल्या आहेत त्या अशा, गुपचूप.

म्हणून बर्फ पडायला लागला की रात्र असो की पहाट, घर उठतं. लाकडी फावडी घेऊन छतावर चढायचं आणि दोन्ही बाजूंनी सारखाच बर्फ उतरवायचा. पायाखाली निसरडं, खाली गोठलेलं पाणी. तळाशी साचलेलं पाणी पंपानं उपसायचं. आणि वीज नसेल, (हिवाळ्यात खोऱ्यात भारनियमन असतंच) तर डबे नि बादल्या. पाहुणे नाहीत म्हणून बोट बंद ठेवली आणि कुलूप लावून गावी गेले, असं इथे चालतच नाही. पाहुणा असो नसो, रिकाम्या बोटीचीही रोज फेरी घ्यावी लागते. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना एकटं सोडून कुणी लग्नाला जातं का? तसंच हे!

आतलं जग तेवढंच कष्टाचं. फेरनच्या आत कांगडी. वेताच्या विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे. तिची तयारी शरद ऋतूतच होते. चिनाराची लाल पानं आपण फोटोत बघतो. तिथल्या बायका तीच पानं झाडून गोळा करतात, पेटवतात आणि विझवून त्यांचा कोळसा करून ठेवतात. पण ही ऊब फुकटची नाही. वर्षानुवर्षं कांगडी मांडीशी, पोटाशी धरून तिथल्या कातडीचा कर्करोग होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘कांगडी कॅन्सर’ असं नावच आहे. दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळसा किंवा गॅस जाळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावणाऱ्या आपण बायकांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि आग! लाकडाचं घर, आत शेगडी, शेजारी दुसरी लाकडी बोट. एप्रिल २०२२ मध्ये निगीन सरोवरात आणि ११ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे दलमध्ये अशाच रांगेतल्या बोटी जळाल्या. दुसऱ्या घटनेत बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक गेले. चहूकडे पाणी असून!

स्वयंपाकघराकडे वळू या, कारण तिथे आपल्या ओळखीचं काही आहे. वाळवण! उन्हाळ्यात तिथेही टोमॅटो, वांगी, दुध्या चिरून उन्हात वाळवतात, शरदात सलगमाच्या माळा टांगतात. या सुक्या भाज्यांना ‘होख सुन’ म्हणतात. सुके मासेही असतात. आपल्या कोळणींसारख्याच तिथल्या हांजी समाजातल्या बायका श्रीनगरच्या रस्त्याकडेला मासळी विकायला बसतात. बर्फानं रस्ता बंद झाला की हेच डबे उघडायचे. आपल्या सांडग्यांनी पावसाळा निभावतो, त्यांचा हिवाळा होख सुनवर.

हे सगळं करून हातात काय उरतं? एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर बुकिंगं धडाधड रद्द झाली. कमाई नसली तरी गळती थांबत नाही. देवदार महाग, जुने कारागीर थकले, सरोवराच्या काळजीपोटी नव्या बोटींना बंदी आणि दुरुस्तीलाही सरकारी परवानगी. एके काळी हजारोंनी असलेल्या हाउसबोटी आता हजाराच्या आत आल्या आहेत. बुडालेली बोट पुन्हा उभी करणं बहुतेकांना झेपत नाही, म्हणून तर रात्री उठून छत झाडायचं.

इतकं असूनही बर्फ पडू नये असं तिथे कुणी म्हणत नाही. २०२४ चा जानेवारी जवळपास कोरडाच गेला, गुलमर्गचे उतारही उघडे पडले होते. डोंगरावर बर्फ नाही म्हणजे पुढे झऱ्यांना, नाल्यांना पाणी नाही. झेलममध्ये पाणी इतकं उतरलं की काठाच्या बोटी चिखलात टेकायची वेळ आली. तळ चिखलाला टेकला की बोट तिरकी होते, मधल्या फळ्यांवर ताण येतो आणि उघड्या पडलेल्या बाजू सुकून तडकू लागतात. छतावरचा बर्फ फावड्यानं निघतो. नदीत पाणीच नसेल, तर ते मात्र कुणालाही भरता येत नाही.