यंत्र चालवणारा की उघडणारा?

हुडकेश्वरमधील दुकानदाराचा मुलगा मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस किंवा एचसीएलमध्ये लागला की घरी आनंद होतो. तेथे अनेकांकडे बॅकएंडचे, म्हणजे पडद्यामागचे काम असते: मागणी आली, नोंद केली, बिल दिले. पण एवढेच ठराविक काम आता यंत्रेही लिहू लागली आहेत. म्हणून पुढची पायरी आतल्या कामाची, असे आम्हास वाटते.

आपण आधी रोजमेळात लिहितो, मग खतावणी करतो. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेसही तसेच करतो. बदल आधी एका नोंदवहीत लिहितो. मध्येच वीज गेली तर त्या नोंदींवरून हिशेब पुन्हा जुळवतो. हे कसे घडते ते जाणणारा, यंत्र उघडणारा मिस्त्री ठरतो.

पोस्टग्रेसक्यूएल आणि १९९१ साली सुरू झालेले लिनक्स यांची मूळ संहिता सर्वांना मोफत खुली आहे. म्हणून आम्ही सुचवतो: नोकरी सोडू नये. रोज तासभर सी भाषा शिकावी. घरच्या जुन्या संगणकावर हा डेटाबेस बसवून, नोंदी चालू असताना वीज तोडून पाहावे. काय वाचले, कसे वाचले, ते संहितेत शोधावे. कारागिराच्या घरात उस्तादाजवळ बसण्याची रीत आहेच. येथे संहिताच उस्ताद आहे.