लाइट गेल्यावर घरात उजेड राहावा म्हणून : इन्व्हर्टर, सोलर की जनरेटर?



वळवाचा पाऊस सुरू झाला, वारं सुटलं, की पहिली जाते ती लाइट. कुठे फांदी तारेवर पडते, कुठे डीपी जळते. आपला कन्नड तालुका डोंगराचा, गावं आणि शेतवस्त्या लांबलांब. 2021 च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टी झाली, तेव्हा कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ताच बंद पडला होता, हे आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत तार तुटली तर वायरमननं तरी किती लवकर यावं? त्यात जो शेतवस्तीवर राहतो त्याची लाइन शेतीच्या फीडरवर. तिथली लाइट पाळीनं येणार आणि पाळीनं जाणार.

घरात परीक्षेला बसलेलं लेकरू असतं, बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं. म्हणून अनेकजण विचारतात, “घरासाठी काय घ्यावं?” याचं उत्तर दुकानात नाही, आपल्याच घरात आहे. आधी गरज मोजा, मग यंत्र निवडा. अद्रकीचा किंवा कपाशीचा पैसा हातात आला म्हणून मोठं यंत्र घेऊ नका, आणि शेजाऱ्यानं घेतलं म्हणून तर मुळीच घेऊ नका.

गरज कशी मोजायची?

एक कागद घ्या. लाइट गेल्यावर जे चाललंच पाहिजे तेवढंच लिहा. प्रत्येक वस्तूवर वॅटचा आकडा असतो, तो शेजारी मांडा.

समजा, एका घरात 9 वॅटचे 4 एलईडी बल्ब आहेत, म्हणजे 36 वॅट. जुन्या पद्धतीचे 75 वॅटचे 2 पंखे, 150 वॅट. टीव्ही 60 वॅट. दोन मोबाइल चार्जर, 20 वॅट. एकूण झाले 266 वॅट. हे सगळं चार तास चालवायचं तर 266 गुणिले 4, म्हणजे 1064 वॅट-तास. एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास, तेव्हा गरज एका युनिटाहून थोडी जास्त झाली.

आता बॅटरी पाहू. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण आटेपर्यंत विहीर उपसू नये, तशी ही बॅटरीही तळापर्यंत उतरवू नये. दोन-तृतीयांश वापरली तर 1200. त्यातला साधारण पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्ये उष्णतेनं जातो. हाती उरतात 960. म्हणजे वरचं घर सुमारे साडेतीन तास चालेल. बॅटरी जुनी होईल तसा हा वेळ आणखी कमी होत जाईल.

इथे एक युक्ती आहे. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला. बीएलडीसी नावाचे पंखे 35 वॅटच्या आसपास चालतात. दोन्ही पंखे बदलले की एकूण भार 186 वॅटवर येतो, आणि तीच बॅटरी पाच तास पुरते. लेकरू अभ्यासाला बसलं की टीव्ही बंद ठेवा. मग साडेसात तास निघतात, आणि अभ्यासही होतो.

इन्व्हर्टर आणि बॅटरी

गावठाणात राहणाऱ्या, रोज दोन-चार तास लाइट जाणाऱ्या घराला हेच पुरेसं आहे. वरच्यासारख्या घराला 600 ते 700 व्हीएचा इन्व्हर्टर पुरतो. साइन वेव्ह प्रकारचा मागा. स्क्वेअर वेव्ह स्वस्त पडतो, पण त्यावर पंखे घूं-घूं करतात आणि तापतात. आपल्याकडे व्होल्टेज कमी असतं, म्हणून कमी व्होल्टेजवरही चार्जिंग करतो का, हे दुकानदाराला आधी विचारा.

इस्त्री, हीटर, गिरणी आणि विहिरीची मोटार या इन्व्हर्टरवर चालणार नाही. एकटी इस्त्रीच 1000 वॅट घेते. इलेक्ट्रिशियनकडून बल्ब-पंख्यांची लाइन वेगळी काढून घ्या.

बॅटरी घेताना ट्यूब्युलर घ्यावी. नीट सांभाळली तर चार-पाच वर्षं काढते. दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावं. विहिरीचं किंवा हापशाचं पाणी घातलं की बॅटरी गेली समजा. चार्ज होताना तिच्यातून जळणारा वायू निघतो. म्हणून ती हवेशीर जागी, चुलीपासून आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब ठेवावी. बॅटरी पाहताना बिडी-काडी पेटवू नये. आतलं पाणी तेजाबाचं आहे, लेकरांचा हात पोचू देऊ नका. जुनी बॅटरी फोडू नका, आतलं शिसं विषारी असतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, पैसेही वळते होतात.

लिथियम बॅटरी महाग पडते, पण तिला पाणी लागत नाही, ती जास्त खोल उतरली तरी चालते आणि जास्त वर्षं टिकते. इन्व्हर्टर मात्र तिला चालणाराच हवा.

सोलर

150 अँपिअर-तासांची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. जिथे लाइटच तेवढा वेळ येत नाही, तिथे बॅटरी अर्धपोटी राहते आणि लवकर मरते. अशा शेतवस्तीला सोलर पॅनेल जोडावं. आपल्याकडे 1 किलोवॅटचं पॅनेल वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला साधारण 4 युनिट देतं. म्हणजे 330 वॅटचं पॅनेल एक ते सव्वा युनिट देईल. वरच्या घराला एवढं पुरतं. पावसाळ्यात आभाळ धरलं की निम्म्यावरही येईल, ते धरून चाला. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार 20 अंशांच्या आसपास. झाडाची सावली नको. आठवड्याला सकाळी ऊन चढण्याआधी धूळ धुवा. पत्र्यावर बसवलं तर सांगाडा पक्का कैचीला बांधा, नाहीतर वादळात पॅनेलही जाईल आणि पत्राही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. 2024 साली केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तिच्यात घराच्या छतावरच्या सोलरला 3 किलोवॅटसाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरलं. योजना बिल कमी करण्यासाठी चांगली आहे. पण लाइनला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतं, डोक्यावर ऊन असलं तरी! ती यंत्राची खोड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर मागा, आणि तसं पावतीवर लिहून घ्या. अर्ज करण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात चालू नियम विचारा.

जनरेटर

दूध-संकलन, गिरणी किंवा लग्नकार्य असेल तर जनरेटर उपयोगी. नुसत्या बल्ब-पंख्यांसाठी रोज पेट्रोल जाळणं परवडत नाही. मोटार चालवायची असेल तर लक्षात ठेवा, सुरू होताना ती आपल्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट विजेचा झटका घेते. म्हणून मोटारीच्या एचपीवर हिशेब करून जनरेटर घेऊ नका, जाणकाराला विचारा.

जनरेटर घरात, पडवीत किंवा बंद गोठ्यात कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

सर्वांत मोठी सूचना

काही ठिकाणी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करतात आणि जनरेटरची वीज घरातल्या प्लगमध्ये सोडतात. असं कधीही करू नका! ती वीज मीटरमधून मागे डीपीपर्यंत जाते, आणि जी डीपी 11,000 व्होल्ट उतरवून घराला देते, तीच उलट बाजूनं 230 चे 11,000 व्होल्ट करते. लाइट गेली आहे म्हणून निर्धास्त खांबावर चढलेला वायरमन जागीच मरू शकतो. तोही आपल्यासारखाच लेकराबाळांचा माणूस, आणि तो चढलेला असतो आपल्याच लाइटसाठी.

म्हणून चेंजओव्हर स्विच लावाच. त्यात एका वेळी एकच वीज घरात येते, लाइनची किंवा जनरेटरची. सोबत अर्थिंग नीट करा, उन्हाळ्यात त्याच्या खड्ड्यात पाणी टाका, आणि शॉक बसताच लाइन तोडणारा ईएलसीबी बसवून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर, गावठाणात राहत असाल तर इन्व्हर्टर-बॅटरी, शेतवस्तीवर असाल तर त्याला सोलरची जोड, आणि धंद्याचं जड काम असेल तरच जनरेटर. घरात आजारी माणसाचं यंत्र विजेवर चालत असेल तर त्याचे वॅट आणि तास आधी लिहा, डॉक्टरांना विचारा, आणि बाकीचं त्यानंतर मांडा.

आज रात्री जेवणं झाली की कागद-पेन्सिल घेऊन बसा. हिशेब लेकराकडून करून घ्या, त्याचं गणितही पक्कं होईल. तो कागद खिशात घालूनच दुकानाची पायरी चढा.