भूसंपादनात किंमत कोणत्या दिवसाची?

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा टप्पा भुयारी आहे. भुयार खणायचे तर यंत्रे खाली उतरवायला वर मोकळी जागा हवी. त्यासाठी विक्रोळीतली गोदरेज अँड बॉइस कंपनीची सुमारे 39 हजार 500 चौरस मीटर जमीन सरकारने सक्तीने घेतली. सप्टेंबर 2022 मध्ये भरपाईचा निवाडा झाला तो 264 कोटी रुपयांचा. आधी चर्चेत असलेला आकडा 572 कोटींचा होता, असे कंपनीचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये तिची याचिका फेटाळली आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पाचे सार्वजनिक हित वरचढ मानले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. वाढीव भरपाई मागण्याची वाट तेवढी मोकळी राहिली.

एवढ्या मोठ्या कंपनीला जमीन राखता आली नाही, तर घाटकोपर किंवा मुलुंडच्या चाळमालकाने काय करायचे? त्याने तारखांवर नजर ठेवायची.

1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. आता अनुच्छेद 300-अ एवढेच सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. तो कायदा म्हणजे 2013 चा भूसंपादन कायदा. जमीन घेण्याआधी परिसरातल्या माणसांवर काय परिणाम होईल, याची पाहणी त्याने बंधनकारक केली होती. महाराष्ट्राने 2018 मध्ये दुरुस्ती करून पायाभूत प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची सोय केली. माझ्या मते कायद्यातला सर्वांत मोलाचा टप्पा असा वगळता येणे, हे सामान्य माणसाचे मोठे नुकसान आहे. कारण त्यानंतर जे काही उरते ते मुख्यतः किमतीचे भांडण.

संपादनाची सुरुवात प्राथमिक अधिसूचनेने होते. तिच्यापासून 60 दिवसांत हरकत नोंदवायची. अधिसूचनेचा दिवसच पुढे सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, कारण बाजारमूल्य धरले जाते ते या दिवशीचे. निवाडा दोन वर्षांनी लागला आणि तोवर शेजारच्या इमारतीत भाव चढले, तरी हिशोब जुन्याच दिवसाचा. रेडी रेकनरचा दर आणि आधीच्या तीन वर्षांत जवळपास झालेल्या, तशाच जमिनींच्या चढ्या व्यवहारांची सरासरी, यांतला जास्त आकडा मूळ मानतात. म्हणून परिसरातल्या नोंदणीकृत खरेदीखतांच्या नकला अधिसूचना निघताच गोळा करून ठेवाव्यात.

समजा, शहरातल्या एका जमिनीचे बाजारमूल्य 1 कोटी ठरले. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते, म्हणजे झाले 2 कोटी. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत मूळ 1 कोटीवर वर्षाला 12 टक्के. दोन वर्षे लागली तर आणखी 24 लाख. बांधकाम आणि झाडे यांचे मूल्य वेगळे धरतात. खेडेगावात बाजारमूल्याला आधी गुणक लागतो, शहरात तो 1 असल्याने काही वाढ होत नाही. खेड्याच्या तुलनेत उपनगरातल्या मालकाला वाटणारी तफावत इथे सुरू होते.

अंतिम घोषणेनंतर 12 महिन्यांत निवाडा व्हायला हवा. नाही झाला तर कार्यवाही व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पण सरकार कारणे नोंदवून मुदत वाढवू शकते. विक्रोळीच्या वादात या मुदतवाढीलाच आव्हान होते, आणि ते टिकले नाही. म्हणजे तारखा सरकारसाठी ताणता येतात. मालकाला तशी मुभा क्वचितच मिळते.

मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव तसेच राहिले असेल, तर वारस नोंद आधी करून घ्यावी, नाहीतर हक्काच्या वादात रक्कम अडकून पडते. भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणाऱ्यांनीही गप्प बसू नये. कायद्याच्या व्याख्येत भाडेकरू आणि ज्यांची रोजीरोटी बुडते ते हितसंबंधीच आहेत, पण मागणी लेखी द्यावी लागते.

रक्कम पटली नाही तरी ती हरकत नोंदवून स्वीकारता येते. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून प्रकरण वाढीव भरपाईसाठी भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवायला सांगायचे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्यासाठी सहा आठवडे मिळतात.