लायसनवरचा शेरा कधी पुसतो?

आमचे काही नातलग ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतात. शिंदे सरकारांच्या काळापासून तेथे मराठी वस्ती आहे. गेल्या खेपेस आम्ही त्यांच्याबरोबर सराफा बाजारात गेलो होतो. गर्दीतून एका स्कूटरवर तिघे तरुण चालले होते. हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नव्हते. हवालदाराने अडवताच चालवणारा म्हणाला, "किती दंड तो घ्या आणि सोडा." हवालदार शांतपणे म्हणाला, "दंड भरशील रे, पण लायसन गेले तर?" मुलगा गप्प झाला. आम्हीही विचारात पडलो. आपल्या गावातही दंड भरला की प्रकरण मिटले, असेच बहुतेकांना वाटते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा ग्वाल्हेरला जो, तोच आपल्याकडे. २०१९ साली तो अधिक कडक झाला. दुचाकीवर तिघे बसणे किंवा हेल्मेट न घालणे यासाठी दंडाखेरीज तीन महिने लायसन बंद राहण्याची तरतूद त्यात आहे. लाल दिवा ओलांडणे, उलट्या दिशेने जाणे, मोबाईल हातात धरून चालवणे हे धोकादायक चालवणे समजले जाते. अशा वेळी पोलीस लायसन जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. अधिकाऱ्याने आधी चालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. मग पहिल्या खेपेस तो तीन महिने अपात्र ठरवू शकतो. दुसऱ्या खेपेस लायसन रद्दच होऊ शकते. हुकूम मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते.

शेतकरी बांधवांनी विशेष लक्षात ठेवावे, की मालाच्या गाडीत जादा माल भरणे आणि भाजीच्या पाट्यांवर माणसे बसवून नेणे यांवरूनही लायसन जाऊ शकते. ऐन हंगामात तीन महिने टेंपो दारात उभा राहिला, तर माल बाजारात कोण नेणार? लायसन बंद असताना गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परदेशात याचा हिशेब गुणांनी ठेवतात. आपली मुले आखातात नोकरीला आहेत, त्यांना हे ठाऊक असते. दुबईत एका वर्षात २४ काळे गुण जमले की लायसन जमा होते. इंग्लंडात तीन वर्षांत १२ गुण झाले की सहसा सहा महिने गाडी बंद. आपल्या कायद्यात असे गुण नाहीत, पण शेरा आहे. न्यायालयाने किंवा अधिकाऱ्याने अपात्रतेचा हुकूम केला, की त्याची नोंद लायसनवर होते. नवे किंवा दुय्यम लायसन काढले तरी ती नोंद त्यावर उतरते.

मग हा शेरा जन्मभर राहतो का? नाही. शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा बसला नाही, तर जुने लायसन परत करून व फी भरून कोरे लायसन मागण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. शेरा केवळ वेगमर्यादा मोडल्याचा असेल तर एकच वर्ष पुरते. मात्र लायसन बंद होते तो काळ यात धरत नाहीत. समजा, १ जून २०२२ रोजी शेरा बसला आणि लायसन तीन महिने बंद राहिले. तर तीन वर्षांची मोजणी १ सप्टेंबर २०२२ पासून होते आणि १ सप्टेंबर २०२५ ला कोरे लायसन मागता येते. मध्येच दुसरा शेरा बसला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हे आपोआप होत नाही. आपणच परिवहन कार्यालयात जाऊन अर्ज करावा लागतो. म्हणून घरात कोणाच्या लायसनवर शेरा असेल, तर त्याची तारीख आजच वहीत लिहून ठेवावी.

सराफाच्या वहीत देणे फिटले की खाते कोरे होते. लायसनचे देणे पैशाने फिटत नाही. ते तीन वर्षे नीट गाडी चालवून फेडावे लागते. आणि त्या स्कूटरवरच्या तरुणांची आठवण ठेवून, घरातून निघतानाच हेल्मेट डोक्यावर चढवावे. लायसन पुन्हा मिळते, फुटलेले डोके मिळत नाही.