मधुमेह आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे

"शुगर आहे, बाकी काही नाही," असे सांगणारे बंधू-भगिनी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कोठेही भेटतात. परंतु मधुमेह हा एकटा राहणारा आजार नव्हे. मधुमेहींचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतात. म्हणून सभासद आणि विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय आम्ही येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

हृदय हा स्नायूंचा पंप आहे. त्याला स्वतःलाही रक्त लागते व ते मुख्यतः तीन रक्तवाहिन्यांतून मिळते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या वाहिन्यांचे आतील अस्तर खराब होते, त्यात चरबी साचते आणि मार्ग अरुंद होतो. एखादे दिवशी ही चरबीची गाठ फुटते, तिच्यावर रक्ताची गुठळी जमते आणि रक्तप्रवाह बंद पडतो. हाच हृदयविकाराचा झटका. मधुमेहींत हे अडथळे बहुधा एका जागी नसून अनेक वाहिन्यांत, लांबवर पसरलेले असतात.

दुसरी अडचण अशी की, मधुमेह नसाही निकामी करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता आणि पायांच्या नसांच्या वेदनांनी ते अखेरच्या वर्षांत त्रस्त होते, हे आपण जाणतो. मधुमेहाने हृदयाकडील नसा बिघडल्या, तर उलट घडते. वेदना कळतच नाही. छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, एकाएकी गळाठा येतो. माणूस "पित्त झाले असेल" म्हणून सोडा घेऊन झोपतो आणि मोलाचे तास निघून जातात.

उपचारांचा पाया औषधे व पथ्य हाच आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी तपासणी बहुतेकांत ७ टक्क्यांच्या आत, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, अडथळे असणाऱ्यांत शक्य तर ५५ च्या खाली असावे. त्यासाठी स्टॅटिन व रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. साखरेच्या काही नव्या औषधांनी हृदयाचेही रक्षण होते, हे २०१५ नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. बिडी, तंबाखू, मिश्री बंद झालीच पाहिजे. ज्वारीची भाकरीही मोजून खावी, सोबत डाळ व भाजी जास्त घ्यावी आणि डॉक्टरांना विचारून रोज अर्धा तास चालावे.

औषधांनी भागत नसेल तर अँजिओग्राफी करून पुढचा मार्ग ठरतो. अँजिओप्लास्टीत फुग्याने वाहिनी रुंदावून स्टेंट बसवितात. बायपासमध्ये शरीरातील दुसरी वाहिनी जोडून रक्ताला नवी वाट देतात. यांपैकी मधुमेहीला काय बरे? १९०० मधुमेही रुग्णांवरील 'फ्रीडम' हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे होते. पाच वर्षांत मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण स्टेंटवाल्यांत शंभरात सुमारे २७, तर बायपासवाल्यांत सुमारे १९ होते. मात्र पक्षाघात बायपासमध्ये अधिक झाले. तेव्हा अनेक अडथळे असतील तर "बायपासचा विचार झाला का?" असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. झटका चालू असताना मात्र बंद वाहिनी तातडीने उघडणे हेच पहिले काम असते.

स्टेंट बसला म्हणजे आजार संपला असे नाही. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर सोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आपला जिल्हा हळदीचा. पण हळदीने वा कोणत्याही काढ्याने बंद वाहिनी उघडत नाही. अशा जाहिरातींना भुलून औषधे बंद करू नयेत.

त्रास जाणवताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरा गुण देते. ते घेऊन मग नांदेड किंवा संभाजीनगर गाठता येते. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टी व बायपास दोन्ही होतात. रेशनकार्ड व आधारकार्ड हाताशी ठेवावे. स्टेंटच्या किमतींवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे.

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. आजच्या बायपासची पद्धत १९६७ नंतर रूढ झाली, पहिली अँजिओप्लास्टी १९७७ साली झाली आणि स्टॅटिन १९८७ साली बाजारात आले. त्या पिढीला जे मिळाले नाही, ते आज आपल्या दारापर्यंत आले आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत आणि तपासणीला त्यांच्यासोबत जावे. ती वही वेळेवर उघडली, तर एखादे घर उघडे पडण्यापासून वाचेल.