गज करणारा कारागीर

व्हायोलिन पाहिले, की आपले लक्ष त्याच्या सुंदर पेटीकडे जाते. वादकाच्या उजव्या हातातील बारीक कांडीकडे सहसा कोणी पाहत नाही. तिला गज म्हणतात. सारंगी वाजवतात तोही गजच. तारांवरून गज फिरला, म्हणजे व्हायोलिन गाऊ लागते.

सुरुवातीचे गज धनुष्यासारखे बाहेरच्या बाजूला वाकलेले असत. उर्दूत आपण धनुष्याला 'कमान' म्हणतो, तशीच ती कमान. आजच्या गजाचा बाक मात्र उलटा, केसांच्या बाजूला असतो. हे रूप पक्के केले पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्त याने. (मराठीतील 'तूर्त' या शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही!) त्याचे वडील व थोरला भाऊ गजच करीत. याने आधी घड्याळजीकडे उमेदवारी केली आणि मग तो घरच्या धंद्यात आला. १७८२ साली व्हियोत्ती हा इटालियन वादक पॅरिसला आला. त्याच्या सूचनांचा तुर्तला उपयोग झाला, असे मानतात.

तुर्तने पेरनांबुको नावाचे लाकूड निवडले. ते ब्राझीलहून युरोपात येई, पण गजासाठी नव्हे, तर कापड रंगवण्याच्या लाल रंगासाठी! हे लाकूड जड, चिवट आणि लवचीक असते. कारागीर प्रथम सरळ कांडी तासतो. ती टोकाकडे निमुळती होत जाते. मग ती आचेवर धरून थोडी थोडी वाकवतो. घाई केली, तर कांडी मोडते. आच कमी पडली, तर बाक टिकत नाही. मुठीजवळ आबनुसाचा छोटा ठोकळा बसवतात. घोड्याच्या शेपटीचे दीडशेहून अधिक केस त्यात अडकवून फितीसारखे सपाट पसरतात. स्क्रू फिरवला, की केस ताणले जातात व बाक कमी होतो. पण लाकूड पुन्हा आपल्या बाकावर जाऊ पाहते. वादकाच्या हाताला जाणवते ती हीच उसळी. केसांना राळ लावली, की ते तारेला धरतात. एवढे सगळे करून गजाचे वजन किती? सुमारे साठ ग्रॅम!

तुर्त सहसा आपल्या गजावर नाव घालत नसे. १८३५ मध्ये तो वारला. पुढे फ्रान्समधील मीरकूर हे लहानसे गाव व्हायोलिन व गज यांसाठी प्रसिद्ध झाले. तिथे बापाकडून मुलाकडे ही विद्या जाई. १९७० नंतर तिथल्या शाळेतही गज करणे शिकवू लागले.

हात तयार झाले, पण लाकूड संपत आले. ज्या झाडावरून ब्राझील देशाला नाव मिळाले, तेच झाड तिथल्या जंगलांतून दिसेनासे होऊ लागले. आधी रंगासाठी आणि नंतर शेती व वस्तीसाठी जंगल तोडले गेले. त्या मानाने गजांना लागणारे लाकूड थोडेच. २००७ पासून या लाकडाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. काही कारागीर दुसरी लाकडे वापरून पाहतात. कार्बनच्या धाग्यांचे गजही निघाले आहेत. आणि गज करणाऱ्यांनीच पैसे जमवून ब्राझीलमध्ये पेरनांबुकोची रोपे लावण्याचे काम सुरू केले आहे. या झाडाची वाढ फार सावकाश होते.